दोन गाड्यांच्या मध्ये

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा फोन येऊन आठवडा होत आला. तू सुखरूप आहेस, कारखान्यातल्या मैत्रिणीकडे, पटाशीकडे आहेस, काळजी करू नये, एवढं सांगून तू फोन ठेवलास आणि मी पुढे नुसता हॅलो हॅलो करत राहिलो. त्यानंतर मी पटाशीच्या घरमालकाकडे कितीदा तरी फोन लावला. दर वेळी तू अंघोळीला गेलेली. लहानपणी मलाही एवढ्या अंघोळी घातल्या नसशील. म्हणून शेवटी पत्र. उभा जन्म बंदराच्या कचेरीत दुसऱ्यांच्या पत्रांतल्या चुका काढण्यात गेला आणि आज सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहिताना कागदांमागून कागद फाडतोय.

त्या दिवशीचं सगळं क्रमानं लिहितो, म्हणजे गैरसमज राहायला नको. मी रिटायर झालो, तेव्हा सगळ्यांनी मिळून समुद्रकाठच्या रस्त्यानं बेटाला एक फेरी मारावी, ही कल्पना तुझीच. दोन गाड्या होत्या. माझ्या गाडीत मी आणि तुझी वहिनी पुढे, मागे तू आणि सामान. पोराच्या गाडीत पोरगा, सूनबाई आणि वहिनीचे भाऊ-भावजय. दीपगृहापाशी आपण थांबलो. तिथे तूच वहिनीला म्हणालीस की पिशव्यांनी पाय आखडलेत, आता पोराच्या गाडीत बसते. मग तू हात धुवायला मागच्या बाजूला गेलीस. मी समजलो तू पोराच्या गाडीत आहेस, पोरगा समजला तू माझ्या. याला गोंधळ म्हणता येईल, दुर्लक्ष म्हणता येणार नाही. दोन्हींत फरक आहे.

जेवायच्या ठिकाणी सगळे उतरले तेव्हा उलगडा झाला. कळल्याबरोबर मी आणि पोरगा उलटे फिरलो. दीपगृहावर चिटपाखरू नव्हतं. फळांची टपरीसुद्धा बंद झाली होती. थोडी शोधाशोध केली, मग पोलिसांत गेलो. तिथल्या हवालदारानं विचारलं की बाईंनी कुठल्या रंगाचे कपडे घातले होते. मी पोराकडे पाहिलं, पोरानं जमिनीकडे. ते काही आम्हाला सांगता आलं नाही.

थोडं तुझंही चुकलंच. माणसं विसरली तर विसरलेल्या जागीच बसून राहावं. तू बस पकडून बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलीस, हे कोणाच्या डोक्यात येणार?

असो. आता पुरे झालं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, नोकरीला लागेपर्यंत माझ्या शर्टाची बटणं लावलीस, हे मी विसरलो असं मनात आणू नकोस. कधी येतेस ते कळव, मी गाडी घेऊन येतो. खोली आहे तशीच आहे. मोठ्यांचा लोभ लहानांवर असतोच, तो आत्ताच आवरता घेऊ नये.

तुझा
टिल्लू

ता. १३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. आ.

पत्र मिळालं. अक्षर अजून कचेरीचंच आहे, मजकूरही. पत्राला जावक क्रमांक घालायचा तेवढा राहिला.

मी रुसलेली नाही. रुसायला समोर कोणीतरी समजूत काढणारं लागतं आणि तिथे त्या वेळी कोणीच नव्हतं. काय झालं ते तुला हवंय ना, मग ऐक. मागच्या बाजूच्या त्या मोरीच्या दाराची कडी आतून अडकली होती, ती उघडण्यात वेळ गेला. बाहेर आले तर मैदान रिकामं. आधी मला हसूच आलं. वाटलं पोरं चेष्टा करताहेत, वळणामागे गाडी उभी असेल. हसऱ्या चेहऱ्यानं मी वळणापर्यंत चालत गेले. तिथेही कोणी नव्हतं, आणि चेहऱ्यावरचं ते हसू कुठे ठेवावं हे मला कळेना. टिल्लू, मला राग आला नाही. लाज वाटली. भर उन्हात, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात ओला रुमाल घेऊन उभी राहिलेली, घरच्यांना जिची आठवण झाली नाही अशी बाई.

टपरीवरच्या फळवालीनं विचारलं की कोणाबरोबर आलात. तिचा वरचा सुळा पडलेला होता. जन्मभर कवळ्या बनवल्या, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते. त्या सुळ्याच्या खिंडीकडे बघत मी म्हणाले की एकटीच आलेय, बसनं, मी अशी नेहमी फिरते. खोटं इतकं सफाईदार निघालं की माझं मलाच नवल वाटलं. त्या बाईनं कौतुकानं मला पपईची फोड दिली आणि थोड्या वेळानं बस दिसली तेव्हा माझ्यासाठी हात करून थांबवलीसुद्धा. मग काय करणार, चढले.

आणि आता खरं सांगते, चढले ते बरं झालं. तुझ्या गाडीत मला समुद्र दिसत होता तो तुझी मान आणि वहिनीचा खांदा यांच्यामधून, चार बोटं. बसमध्ये सगळी खिडकी माझी. रस्ता कड्याला चिकटून जातो आणि खाली पाणी, काठाशी काचेसारखं, वाळू दिसेल असं, मग कच्च्या आंब्याच्या सालीसारखं हिरवं, आणि दूर जिथे लाटा खडकांच्या रांगेवर फुटतात तिथून पुढे एकदम शाईसारखं. एका ठिकाणी खडकाला भोक आहे, लाट आली की त्यातून पाणी झाडाच्या उंचीचं उडतं, आणि ड्रायव्हर तिथे मुद्दाम गाडी हळू करतो. पुढे काळ्या वाळूचा किनारा लागला, त्यावर नारळाची झाडं एवढी वाकलेली की सावली पाण्यात पडते. ओठ खारट झाले होते. एवढी वर्षं या बेटावर राहून मी हे पाहिलं नव्हतं. कारखाना, घर, कारखाना.

शेवटच्या स्टॉपवर पटाशीचं गाव, म्हणून तिच्याकडे गेले. तिचा घरमालक दार लावून बाहेर गेला होता, त्यामुळे फोन दुसऱ्या दिवशी केला.

पटाशीनं इथे कवळ्यांचं छोटं दुकान काढलंय. मागच्या खोलीत मेणाचा तोच वास, खिडकीत प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले. मी हात लावते कामाला. तू गाडी घेऊन येऊ नकोस. गोळ्या वेळेवर घे. माया आहेच, ती काही बसमध्ये विसरलेली नाही.

तुझी
ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यांना,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मी घरी कोणाला सांगितलेलं नाही. दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं, तिथेच काउंटरवर बसून लिहितेय. लग्न होऊन या घरात वर्षही झालं नाही, तेव्हा माझं हे बोलणं लहान तोंडी मोठा घास वाटेल. पण बोलले नाही तर मला चैन पडणार नाही.

बाबांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवलं. कळल्याबरोबर उलटे फिरलो, असं त्यात होतं. ते वाक्य आलं तेव्हा सगळे खाली बघत होते, मीसुद्धा.

आत्या, आम्ही जेवलो. तुम्ही मागे राहिलात हे कळलं होतं आणि आम्ही जेवलो. ताटं मांडली होती, पाहुणे भुकेले होते, बाबांच्या गोळ्यांची वेळ होती, आणि कोणीतरी म्हणालं की आत्या समजूतदार आहेत, सावलीत बसल्या असतील, अर्ध्या तासानं काही बिघडत नाही. कोण म्हणालं ते लिहीत नाही. कोणी नको म्हणालं नाही. मीही नाही. मी भात दोनदा घेतला.

यापेक्षा वाईट पुढेच आहे. दीपगृहावरून निघताना ह्यांनी मला सांगितलं होतं की आता आत्या आपल्या गाडीत येणार, तू मधे सरक. मी मागे वळून बघितलं तर तुम्ही नव्हतात. ह्यांनी हॉर्न वाजवला आणि म्हणाले की बहुतेक बाबांच्याच गाडीत बसलेली दिसते. मला उतरून बघावंसं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पण मधे बसलं की मामींचा घाम आणि गुडघे, आणि समुद्र खिडकीच्या बाजूला. मी म्हणाले की हो, त्यांच्याच गाडीत बसल्या असतील. आणि खिडकीशी सरकले. सगळ्या रस्त्यात मी वाऱ्याला तोंड देऊन बसले होते आणि मला फार छान वाटत होतं.

तुम्ही मला आल्या दिवसापासून सांभाळून घेतलंत. माझी कढी फुटली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर दोनदा मागून घेतलीत. मला क्षमा करा असं म्हणायचा धीर होत नाही. रागवा, पण तोडू नका.

तुमची
सूनबाई

ता. २० फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. आ.

पोरी, डोळे पूस आणि गिऱ्हाइकांना चष्मे दाखव. उगाच उलट्या काचा बसवशील कोणाला.

तुम्ही जेवलात हे मला माहीत होतं. आमची बस त्या खाणावळीपुढेच थांबली होती. लांब टेबल, निळा टेबलक्लॉथ. टिल्लू आणि पोरगा नव्हते, बाकी तुम्ही सगळे होतात. वहिनी बाकावर पाठ ताठ करून बसली होती. तिचा भाऊ दात कोरत होता. त्याच्या खालच्या दाढेत भेग आहे हे मी त्याला दोनदा सांगितलंय. आणि तू वाटीतलं काहीतरी चमच्यानं ढवळत होतीस, खात नव्हतीस. मी तुला हाक मारू शकले असते, एवढ्या जवळ होतीस. मी मान खाली घातली आणि पर्समध्ये काहीतरी शोधत बसले, बस हलेपर्यंत. तेव्हा तू एकटीच गप्प बसलीस असं समजू नकोस.

खिडकीचं म्हणशील, तर तुझ्या वयाची असते तर मीही सरकले असते. वाऱ्याला तोंड देऊन बसल्याचं कोणी कोणाला कबूल करतं का? तू केलंस. आता हे मनातून काढून टाक.

पण एक विचारते. टिल्लूनं पत्रात थोडी शोधाशोध केली असं लिहिलंय. तो 'थोडी' असं लिहितो तेव्हा मला भीती वाटते. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही थोडं लागलंय म्हणाला होता. खरं काय झालं ते तुला ठाऊक असेल तर कळव. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे, जागा बदललेली नाही.

तुझी
आत्या

ता. २४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न.

मला पत्रं लिहायची सवय नाही हे तुम्ही जाणता. आजवर माझ्या माहेरची पत्रंसुद्धा तुम्हीच लिहून दिलीत. हे मात्र तुम्हाला सांगून तुमच्याकडूनच लिहून घेता येणार नाही, म्हणून स्वतः बसलेय.

सूनबाईनं काल रडत रडत मला सगळं सांगितलं, तुमचं पत्रही दाखवलं. तिनं नाव लिहिलं नाही. मी लिहिते. जेवून घेऊ असं मी म्हणाले. ह्यांनी किल्ल्या उचलल्या होत्या, मी मनगट धरून खाली बसवलं. ह्यांना साखरेचा त्रास आहे, उपाशी गाडी चालवणं बरं नाही, हे खरं. पण माझ्या भाऊ-भावजयीपुढे आपल्या घरचा असा फजितवाडा नको, सगळं नीट चाललंय असं दिसावं, हे त्याहून खरं. आणि अजून एक. वन्सं कुठे जाणार आहेत, असं मला वाटलं. इतकी वर्षं तुम्ही त्या घरात आहात की तुम्ही नसाल असं कधी डोक्यातच येत नाही. पाण्याचा माठ कोणी भरला, दिवे कोणी मालवले, हे मी कधी विचारलं नाही. गेले तीन आठवडे विचारतेय.

आता तुम्ही विचारलंत ते. ह्यांनी पत्रात लिहिलं नाही, मलाही लिहू नको म्हणाले. दीपगृहावर तुम्ही दिसला नाहीत तेव्हा पोरगा पोलिसांत जाऊ म्हणाला. हे ऐकेनात. ह्यांच्या मनानं घेतलं की तुम्ही कठड्यावर बसला असाल, चक्कर आली असेल, खाली गेलात. बूट काढून हे खडकांवर उतरले. भरती चढत होती. पोरगा सांगतो की बाबा एकेका फटीत वाकून बघत होते आणि ताई ताई असं ओरडत होते. आवाज बसला तरी ओरडत होते. पाऊल शिंपल्यांनी फाटलं, टाके पडलेत, अजून लंगडतात. अंधार पडल्यावर पोरानं ओढून वर आणलं. घरी आले ते ओल्या कपड्यांनीच तुमच्या खोलीत जाऊन बसले. सकाळी तुमचा फोन आला तेव्हा ह्यांना नीट बोलताही येत नव्हतं. तुम्हाला नुसतं हॅलो हॅलो ऐकू आलं असेल.

माझ्याशी तेव्हापासून कामापुरतं बोलतात. ते मला पुरेसं आहे, जास्त मी मागत नाही.

भीडेखातर येऊ नका. यावंसं वाटलं तर या. मी लहान आहे, चुकले. पदरात घ्या.

तुमची
वहिनी

ता. २७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. आ.

वहिनीवर रागावू नकोस, तिनं तुझं सांगितलं. चांगलं केलं तिनं. नाहीतर मी इथे जबडे घासत, मेणावर फुंकर मारत, स्वतःला बिचारी समजत बसले असते.

पायाला काय बांधतोस? रोज धुतोस का? साखर असलेल्या माणसानं उघड्या पायानं शिंपल्यांत जायचं? पण हे मी कोणत्या तोंडानं विचारू.

तुझ्यापाशी मी खोटं बोलले. पटाशीचा घरमालक त्या संध्याकाळी घरीच होता. त्यानं स्वतः विचारलं की घरी कळवायचं आहे का. मी सकाळी बघू म्हणाले. पटाशीनंही विचारलं. मी तिच्याबरोबर जेवले, तिच्या पलंगावर पाय पसरून निजले. तुम्ही घाबरावं असं मला वाटत होतं. एक रात्र तरी माझ्यावाचून घाबरावं.

आणि त्याच्या आधीचं. खडकातून पाणी उडतं ना, त्याच्या पुढच्या उतारावर समोरून तुझी गाडी आली. रस्ता अरुंद, बस बाजूला थांबली, तू सावकाश जवळून गेलास. मला तुझा चेहरा दिसला. स्टीअरिंगवर पुढे वाकला होतास, तोंड उघडं, आई गेली त्या दिवशी होता तसाच. दोरी माझ्या डोक्यावरच होती, हात वर केला की घंटी वाजली असती. मी हात वर केला नाही. तू वर बघितलंस असं वाटलं आणि मी तोंड फिरवलं. तू मला घ्यायलाच चालला होतास हे मला कळलं होतं, टिल्लू. तरी फिरवलं. नंतर खाणावळीपुढे तुमची ताटं पाहिली आणि मला माझंच बरोबर वाटायला लागलं.

समुद्राचं एवढं रसभरीत वर्णन मी तुला का लिहिलं हे आता तुझ्या लक्षात येईल. त्या उतारानंतर मी समुद्राकडे पाहिलेलंच नाही. काळी वाळू, वाकलेले नारळ, ते पटाशीनं दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवलं.

तू खडकांत मला हाका मारत होतास त्या वेळी मी पपईचे डाग रुमालावरून धूत होते.

घरी येईन, पण आत्ता नको. आत्ता आले तर तुम्ही सगळे मला प्रत्येक गाडीत पुढे बसवाल, पहिलं ताट मला वाढाल, मी उठले की चौघं उठतील, आणि मी शरमेनं मरून जाईन. पटाशीकडे पावसाळ्यापर्यंत काम आहे. तेवढं करते. मोठी असून क्षमा मागते, लहान असून तू ती द्यावीस.

तुझी
ताई

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हिला दिलं. हिनं वाचून परत माझ्या हातात दिलं आणि चहा ठेवला. कपभर चहा आम्ही दोघांनी समोरासमोर बसून घेतला. बऱ्याच दिवसांनी.

पाऊल बरं आहे. टाके निघाले. रोज धुतो.

मी आणखी एक गोष्ट लपवली आहे, ती आता लिहितो. मी तुला बसमध्ये पाहिलं होतं. उतारावर, खिडकीशी. तुझा निळा रुमालही पाहिला. मी गाडीचा वेग कमी केला आणि पोराला विचारलं की ती आत्या का. त्यानं बघेपर्यंत त्या बाईनं तोंड फिरवलं होतं. तो म्हणाला की नाही वाटत. मग मीही म्हटलं की नाहीच. माझी ताई मला बघून तोंड कशाला फिरवेल? आणि पुढे निघालो.

ताई, मला ठाऊक होतं. खडकांवर उतरतानाही कुठेतरी ठाऊक होतं. तू समुद्रात पडलीस हे धरून चालणं मला जमलं, तू मला बघून तोंड फिरवलंस हे धरून चालणं जमलं नाही. म्हणून ओरडत राहिलो. हवालदारापुढेही बसचं काही बोललो नाही. तो माझी कीव करत होता आणि मी ती करवून घेत होतो. पोरगा तिथे माझ्या डोळ्यांत बघत नव्हता, मला तेव्हा वाटलं की कपड्यांचा रंग आठवेना म्हणून. त्यालाही ठाऊक असावं.

आपण दोघांनी त्या उतारावर एकमेकांना पाहिलं आणि दोघेही पुढे गेलो. आता यात कोणी कोणाला क्षमा करायची, ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर सांग.

तू पावसाळ्यापर्यंत राहा. तुला हवं असलं तर पुढेही राहा. मी गाडी घेऊन येत नाही. रविवारी सकाळच्या बसनं येतो, एकटाच. संध्याकाळच्या बसनं परत. तुला काम असेल तर दुकानात बसून राहीन. बोललंच पाहिजे असं नाही. जबडे पुसायला दिलेस तरी पुसेन.

लोभ असावा असं लिहायला या खेपेला तोंड नाही. म्हणून नुसतंच कळावे.

तुझा
टिल्लू